सर्वसाधारण सल्लागार

रंगाऱ्याने पाटीवर 'सल्लागार' एवढं झोकात काढलं, ब्रश पुन्हा डब्यात बुडवला आणि विचारलं, "साहेब, कशाचे?"

भाऊसाहेबांनी या प्रश्नाची तयारी केली नव्हती. गॅलरी बंद करून तिचं ऑफिस करायचं, टेबल कुठे, खुर्ची कुठे, पंखा डोक्यावर की समोर, याचा विचार त्यांनी कितीतरी दिवस केला होता. आलेल्या माणसाला किती वेळ ताटकळत ठेवलं म्हणजे त्याला आपली किंमत कळेल, याचाही केला होता. सल्ला कशाबद्दल द्यायचा, हा तपशील तेवढा राहून गेला होता. रंगारी ब्रश धरून उभा, काळा रंग पायरीवर ठिबकतोय आणि वरच्या मजल्यावरचे वकील जिन्यात थांबून पाटी वाचतायत. अशा वेळी माणसाला जे सुचेल तेच त्यांना सुचलं.

"सर्वसाधारण," ते म्हणाले.

रंगाऱ्याने तेही लिहून टाकलं. पुढे जागा उरली नव्हती म्हणून वरच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. वकील "छान, छान" म्हणत वर गेले, आणि त्यांचं हसणं दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येत राहिलं.

भाऊसाहेब एका विमा कंपनीच्या कचेरीत आवक-जावक विभागाचे प्रमुख होते. बाहेरून येणारं प्रत्येक पत्र आधी त्यांच्या टेबलावर येई. ते त्यावर तारखेचा शिक्का मारत, क्रमांक घालत, आणि मगच ते पत्र कचेरीत आलं असं धरलं जाई. शिक्का नसेल तर समोर पडलेलं पत्रही आलेलं नाही, हा त्यांचा सिद्धांत होता. खुद्द मोठ्या साहेबांच्या नावे आलेलं आमंत्रण पाकिटावर हुद्दा चुकला म्हणून त्यांनी परत धाडलं होतं आणि साहेबांचं सख्ख्या मेव्हण्याचं लग्न चुकलं होतं. साहेब त्यांना काही बोलू शकले नाहीत, कारण नियम भाऊसाहेबांच्या बाजूने होता. मेव्हणा अजून साहेबांशी बोलत नाही. पुढे लोकांनी पत्रं लिहायचीच सोडली, विभागाच्या जागी एक यंत्र आलं आणि सगळ्या विभागाने स्वेच्छेने निवृत्ती घ्यावी असा हुकूम निघाला. निरोपसमारंभात भाऊसाहेबांना त्यांचाच शिक्का भेट देण्यात आला, कारण तो आता कुणालाच नको होता.

घरी हलाखी वगैरे झाली असती तर भाऊसाहेबांनी ती मोठ्या धीराने सोसली असती. पण बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये मुख्य तंत्रज्ञ, मुलगी एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. दोघींचा पगार येत होता आणि घर बिनबोभाट चाललं होतं. आपण कमवायचे थांबलो आणि घरात साधी साखरसुद्धा कमी पडली नाही, हा भाऊसाहेबांना उघड उघड अपमान वाटे. एकदा तर त्यांनी साखर मुद्दाम जपून वापरायला सुरुवात केली. बायकोने त्यांच्या रक्ताची चाचणी केली, साखर छान आटोक्यात आली म्हणून शाबासकी दिली आणि विषय संपवला.

खरा त्रास एकाच प्रश्नाचा होता. "सध्या काय करता?" न्हावी हा प्रश्न वस्तरा मानेवर ठेवून विचारायचा, त्यामुळे उत्तर टाळायची सोय नव्हती. "असंच, बघतो काहीतरी," असं म्हणून म्हणून त्यांचा आवाजच बारीक झाला होता. अशातच मुलीने एक दिवस जेवताना सांगितलं की हॉस्पिटलातल्या एका हाडांच्या डॉक्टरशी तिचं ठरलं आहे, त्याचे आईवडील महिनाअखेरच्या रविवारी घरी येणार आहेत, आणि त्याचे बाबा फार मोठ्या बँकेतून बाहेर पडून आता सल्लागार आहेत. मुलगा कसा, स्वभाव कसा, यातलं भाऊसाहेबांनी काही विचारलं नाही.

"आणि त्यांनी विचारलं, मुलीचे वडील काय करतात, तर?" त्यांनी बायकोला स्वयंपाकघरात गाठून विचारलं.

"तर काय? घरी असतात म्हणून सांगू."

"घरी मांजर असतं."

"मग तुम्ही सांगा काय सांगायचं ते," बायको म्हणाली. "मी आपणहून खरं सांगायला जाणार नाही. पण मला कुणी सरळ विचारलं तर मी खोटंही बोलणार नाही."

यात तडजोड नव्हती. दिवसभर लोकांच्या रक्तात काय आहे आणि काय नाही ते लिहून द्यायचं, अशी जिची नोकरी, तिच्याकडून निराळी अपेक्षा करता येत नाही. तेव्हा खोटं बोलायची वेळच येऊ नये म्हणून रविवारच्या आत खरोखरच सल्लागार होणं भाग होतं. एवढे लोक होतात, तेव्हा ते फार अवघड नसावं, असा भाऊसाहेबांचा अंदाज होता.

घर तळमजल्यावर, गॅलरी इमारतीच्या फाटकाला लागून. तिला काच लावायची आणि फाटकाच्या बाजूला एक सरकती खिडकी ठेवायची, एवढंच काम. पण काम एवढंच आहे असं चारचौघांत म्हणालं की ते वाढायला लागतं. पहिल्या मजल्यावरचे टायरवाले सुताराच्या आधी हजर झाले. त्यांचं म्हणणं असं, की धंद्यात खुर्चीची उंची सगळ्यात महत्त्वाची. आलेला माणूस आपल्यापेक्षा खाली बसला पाहिजे, म्हणजे तो वर बघून बोलतो आणि घासाघीस करत नाही. त्यांनी स्वतःच्या दुकानात गिऱ्हाइकांना थेट टायरवर बसवून माणसं गार केली होती. भाऊसाहेबांना हे पटलं. त्यांनी सुताराला खुर्च्यांचे पाय कापायला सांगितले आणि स्वतः सोसायटीच्या सेक्रेटरींकडे परवानगीसाठी गेले.

सुताराने पाय फार सफाईने कापले. फक्त ते भाऊसाहेबांच्या खुर्चीचे कापले. लाकडी, हात असलेली, निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली ती खुर्ची आता अशी झाली होती, की तिच्यात बसलं की टेबल हनुवटीला लागे आणि बाहेरून बघणाऱ्याला खिडकीत नुसतं एक डोकं ठेवल्यासारखं दिसे. सुतार म्हणाला, पाय कमी करता येतात, जास्त करता येत नाहीत. मग जुने विमा-नियमांचे ग्रंथ बुडाखाली घेऊन भाऊसाहेबांनी उंची परत मिळवली. एवढी वर्षं त्या नियमांवर उभे होते, आता त्यांच्यावर बसले.

सेक्रेटरींकडची कहाणी वेगळीच. सेक्रेटरी हा माणूस कुठल्याही गोष्टीला नाही म्हणत नसे, तो अट घाले. गॅलरीत ऑफिस म्हणजे व्यवसाय, व्यवसाय म्हणजे देखभाल खर्चाचा दर दुप्पट. वकिलांनी फुकट सल्ला दिला, की तिला ऑफिस म्हणू नका, अभ्यासिका म्हणा. (सल्लागाराला सल्ला फुकट मिळतो, हा भाऊसाहेबांना या धंद्यातला पहिला धडा.) सेक्रेटरी म्हणाले, अभ्यासिका चालेल, पण मग रस्त्याच्या बाजूला पाटी लावता येणार नाही, अभ्यास करणाऱ्या माणसाला पाटी कशाला हवी. म्हणून पाटी गेली जिन्यात, घराच्या दारावर, जिथे ती फक्त शेजाऱ्यांनी वाचायची होती. आणि खिडकी फाटकाकडे उघडत असल्याने सोसायटीच्या हिताची एक किरकोळ अट. वॉचमन सोडून गेला होता, नवा मिळेपर्यंत फाटकाची किल्ली खिडकीपाशी राहावी. नुसती राहावी, भाऊसाहेबांनी काही करायचं नाही.

"साहेब, तुम्ही असणारच तिथे," सेक्रेटरी लाघवीपणाने म्हणाले. "तुमच्यासारखा जबाबदार माणूस."

जबाबदार हा शब्द भाऊसाहेबांनी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. त्यांनी किल्ली घेतली.

पहिला आठवडा सल्ला मागायला कुणी आलं नाही. एकजण आला, त्याला बसस्टॉप कुठे ते हवं होतं. भाऊसाहेबांनी त्याला आत बसवून, कुठे जायचं आहे, का जायचं आहे, चालत गेलेलं बरं नाही का, अशा सर्व बाजूंनी प्रश्नाचा विचार केला, तोवर त्याची बस गेली. मग एका दुपारी खिडकीच्या काचेवर टकटक झाली. कुरियरवाला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम घरी नाहीत, त्यांचं पार्सल तेवढं ठेवून घ्याल का, म्हणाला.

इथे भाऊसाहेबांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने "ठेव कोपऱ्यात" म्हटलं असतं आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण तीस-एक वर्षं आवक सांभाळलेल्या माणसाच्या हाताला कुणी नुसतं काही टेकवू शकत नाही. हात आपोआप कपाटाकडे गेला, शिक्का निघाला, शाईची गादी निघाली. शिक्का पार्सलावर असा काही बसला की भाऊसाहेबांच्या अंगावर काटा आला. त्यांनी क्रमांक घातला, कुरियरवाल्याची सही घेतली, पत्ता दोनदा वाचला. त्या संध्याकाळी मॅडम पार्सल न्यायला आल्या तेव्हा ओळखपत्र मागून त्यांनी मॅडमचीही सही घेतली. मॅडमना आपण गेली पंधरा वर्षं रोज जिन्यात भेटतो असं वाटत होतं, पण भाऊसाहेब म्हणाले, ओळख वेगळी आणि ओळख पटवणं वेगळं.

झालं. इमारतीला कळलं की भाऊसाहेब पार्सलं घेतात. मग पार्सलं आली, औषधं आली, इस्त्रीचे कपडे आले, कुणाचा गॅस आला, कुणाचे पाहुणे आले. पाहुण्यांना "कोणाकडे? काय काम?" विचारल्याशिवाय फाटक उघडेनासं झालं. टायरवाल्यांचे सासरे काय काम ते नीट सांगू शकले नाहीत म्हणून बराच वेळ बाहेर उभे होते. टायरवाल्यांनी या बाबतीत तक्रार केली नाही, उलट नंतर एकदा येऊन हळूच आभार मानले.

सगळे एवढे समजूतदार नव्हते. भाऊसाहेबांनी दीड ते अडीच खिडकी बंद ठेवायला सुरुवात केली, कारण कचेरीत जेवणाची सुट्टी दीड ते अडीच असे. बाहेरून जेवण मागवायची लोकांची वेळही नेमकी तीच. खिडकीखाली जेवण पोचवणारी पोरं डबे मांडीवर घेऊन ओळीने बसत, वर मजल्यामजल्यांवर भुकेली माणसं खिडकीतून डोकावत, आणि काचेच्या आत भाऊसाहेब शांतपणे भाकरीचा तुकडा मोडत. मग वकिलांचं प्रकरण झालं. त्यांच्या नव्या चष्म्याच्या पार्सलावर घराचा क्रमांक होता, मजला नव्हता. अपुरा पत्ता. भाऊसाहेबांनी शेरा मारून ते परत पाठवलं. वकील जुना चष्मा लावून कोर्टात गेले, तिथे त्यांनी चुकून समोरच्या पक्षाचे कागद उचलले आणि भराभरा वाचून इतका बिनतोड युक्तिवाद केला की आपलाच खटला हरले. संध्याकाळी खिडकीशी येऊन ते जे बोलले त्याला कायद्याच्या भाषेत दखलपात्र म्हणतात. भाऊसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मजला लिहायला सांगायचं होतं."

पण एक मानावं लागेल. आजूबाजूच्या इमारतींत पार्सलं पायऱ्यांवर लोळत, कुत्री त्यांवर बसत, बूट एकाचे जात आणि दुसऱ्याला मिळत. या इमारतीत टाचणीसुद्धा हरवली नाही. लोक शिव्या देत आणि सही करत. भाऊसाहेब सकाळी दाढी करून वेळेवर खिडकीत बसायला लागले होते, दुपारची झोप गेली होती, रात्रीची परत आली होती. न्हाव्याने विचारलं तर ते मोठ्या आवाजात "वेळच नाही हो" म्हणत. बायकोने हे सगळं पाहिलं आणि सवयीप्रमाणे आपलं निदान मनातच ठेवलं. भाऊसाहेबांना मात्र विचाराल तर हे सगळं तात्पुरतं होतं. शेजारधर्म. मुख्य व्यवसाय सल्ल्याचा.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी सेक्रेटरी खिडकीशी आले. त्यांचा चेहरा चांगली बातमी आणणाऱ्या माणसाचा होता. कमिटीची सभा झाली होती, सर्वांनी भाऊसाहेबांची तोंड भरून स्तुती केली होती (वकील गैरहजर होते), आणि दरमहा काही मानधन द्यावं असं एकमताने ठरलं होतं. त्यांनी पाकीट खिडकीतून आत सरकवलं.

भाऊसाहेबांना भरून आलं. स्वतःच्या कमाईचं पाकीट हातात येऊन किती दिवस झाले होते. पण पाकीट म्हटलं की ते कुठून आलं ते तपासायचं, ही जुनी खोड.

"हे हिशेबात कशाखाली दाखवलंत?"

"तो काय प्रश्न नाही, तरतूद आहेच," सेक्रेटरी म्हणाले. "वॉचमन खर्च."

भाऊसाहेबांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्यांनी पाकीट आलं त्याच वाटेने बाहेर ढकललं. मी सल्लागार आहे, म्हणाले, पाटी वाचली नाहीत का, जिन्यात जा आणि वाचा. सेक्रेटरींना आपलं काय चुकलं ते कळेना. ते म्हणाले, साहेब, पैसे तेच आहेत, शब्दात काय एवढं. ज्या माणसाने हुद्दा चुकला म्हणून मोठ्या साहेबांच्या घरात आयुष्यभराचं भांडण लावलं, त्याला शब्दात काय एवढं म्हणणारा हा सेक्रेटरी. भाऊसाहेबांनी खिडकी लावून घेतली आणि उद्यापासून ती उघडणार नाही असं काचेआडून जाहीर केलं.

रात्रीच्या जेवणाला ते बसले नाहीत. बायको आत आली तेव्हा अंधारात टेबलाशी बसून होते. ते एकदम म्हणाले, "एवढं करून मी शेवटी वॉचमन. उद्या ती माणसं येतील आणि कुणीतरी तेच सांगेल त्यांना. मुलीला मान खाली घालावी लागेल माझ्यामुळे."

"मुलीने त्या डॉक्टरला केव्हाच सगळं सांगितलंय," बायको म्हणाली. "मान खाली घालायचीच झाली तर ती तुमची तुम्ही घालताय."

हे बोलणं भाऊसाहेबांना झोंबलं, म्हणून ते त्यांनी ऐकलं नाही.

रविवारी पाहुणे अकराला यायचे होते. भाऊसाहेबांनी ठेवणीतला सफारी काढला. मातकट रंगाचा, खांद्यावर पट्ट्या, चार खिशांचा, निरोपसमारंभासाठी शिवलेला. पायात काळे बूट. आरशात त्यांना एक अनुभवी सल्लागार दिसला. आरसा खिडकीबाहेर उभा असता तर त्याला काय दिसलं असतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

खिडकी ते उघडणार नव्हतेच. पण साडेदहाला कुरियरवाला आला आणि काचेवर वाजवू लागला, आणि वाजवणं थांबावं म्हणून त्यांनी ती थोडीशी उघडली. उघडल्यावर शिक्का मारला, शिक्का मारल्यावर नोंद केली. नोंद करताना काचेवर एक सावली पडली.

"कोणाकडे? काय काम?" भाऊसाहेबांनी मान वर न करता विचारलं.

"ते लॅबमध्ये मॅडम असतात ना, त्यांच्याकडे," बाहेरचा माणूस म्हणाला. "मुलाच्या लग्नाचं बोलायचंय. जरा लवकरच आलो. मंडळी गाडी लावतायत मागे."

भाऊसाहेबांनी मान वर केली. उंच, गोरा, कोट घातलेला माणूस. आपलं घर बायकोच्या नावाने ओळखलं जातं हे दुःख करायला वेळ नव्हता. आता उठावं, हात जोडावेत, मीच तो म्हणावं, हे त्यांना कळत होतं. पण खाली ग्रंथ, समोर शिक्का, अंगात चार खिसे. त्या अवस्थेत मीच तो म्हणायला जीभ रेटेना. पाहुण्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खिडकीवर कोपरं टेकली.

"एक विचारू? तुम्ही इथलेच. त्या मुलीचे वडील, ते माणूस म्हणून कसे आहेत?"

स्वतःबद्दल आजवर इतकं सरळ कुणी विचारलं नव्हतं. "नियमाचे पक्के आहेत," भाऊसाहेब घसा साफ करत म्हणाले. "हुशार. मोठे सल्लागार आहेत."

"कशाचे?"

"सर्वसाधारण."

पाहुण्यांनी एक लांब उसासा सोडला. "म्हणजे रिकामेच," ते म्हणाले. "राहू द्या, सांभाळून घेऊ नका. मीही तोच आहे. बँकेने हातात नारळ दिला त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून सल्लागार. सकाळी हा कोट घालून निघतो, वाचनालयात बसतो, संध्याकाळी दमून घरी येतो. बसून बसून दमतो हो माणूस. मला भीती कसली माहितीय? आज तो गृहस्थ मला धंद्यातलं काही विचारेल आणि मला उत्तर येणार नाही."

गेला महिनाभर ज्या माणसाच्या धाकाने भाऊसाहेबांनी घर उकरलं, खुर्ची कापली, वकिलांना हरवलं, तो माणूस हा. त्यांना हसू आलं आणि त्याच्याच मागून फार वाईट वाटलं. नेमकं कुणाबद्दल वाटलं ते सांगता आलं नसतं.

तेवढ्यात औषधाच्या दुकानातला पोऱ्या पिशवी घेऊन आला. भाऊसाहेबांनी पत्ता वाचला, मजला तपासला, शिक्का उचलला. पाहुणे हे सगळं टक लावून बघत होते.

"रोज किती येतात अशी?"

"येतात. दिवस पुरत नाही."

"नशीबवान आहात," पाहुणे म्हणाले. मग खालच्या आवाजात, "मी मारू का एक?"

भाऊसाहेबांनी शिक्का आजवर कुणाच्या हाती दिला नव्हता. आज त्यांनी तो खिडकीतून बाहेर दिला. पाहुण्यांनी कोटाची बाही मागे सारली आणि शिक्का मारला. किंचित तिरका पडला, पण ठसठशीत. ते त्याच्याकडे बघत राहिले.

आतलं दार उघडलं आणि बायकोने डोकं आत घातलं. "अहो, अजून इथेच? पाहुणे येतील ना आता."

वॉचमनला अहो म्हणणारी बाई जगात एकच असू शकते. पाहुण्यांनी बायकोकडे पाहिलं, भाऊसाहेबांकडे पाहिलं, आणि त्यांच्या गोऱ्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. हातातला शिक्का त्यांनी गुपचूप खिडकीत ठेवला.

पुढे सगळे बैठकीत बसले. डॉक्टर मुलगा, त्याची आई, मुलगी, बायको. दोन्ही सल्लागार समोरासमोर, दोघांच्याही नजरा सतरंजीवर. हवापाण्याचं झालं, रस्त्यांचं झालं, हाडांचं आणि रक्ताचंही झालं. मग मुलाच्या आईने कप खाली ठेवला.

"आमचे हे सल्लागार आहेत," त्या म्हणाल्या. "आणि तुमचे?"

प्रश्न सरळ होता आणि बायकोला विचारला होता. तिने श्वास घेतला. भाऊसाहेबांनी समोर पाहिलं. पाहुणे कोटाच्या बटणाशी चाळा करत होते आणि त्यांचं लक्ष पूर्णपणे भाऊसाहेबांच्या तोंडाकडे होतं. आता भाऊसाहेबांनी सल्लागार म्हटलं असतं तर त्या माणसाने मुकाट्याने मान डोलावली असती. त्याला दुसरा मार्गच नव्हता. खोटं इतकं सुरक्षित पुन्हा कधी मिळालं नसतं. आणि नेमकं तेव्हाच भाऊसाहेबांना त्याचा कंटाळा आला.

"मी इथे गेटवर असतो," ते म्हणाले. "इमारतीत येणारं-जाणारं सगळं माझ्याकडून जातं. सोसायटी पगार देते." काल तो परत केला, हे त्यांनी सांगितलं नाही. तो प्रश्न उद्या सेक्रेटरींशी बघता आला असता.

मुलगी गालात हसली. बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना एकदम कसंतरी झालं. तेवढ्यावर थांबावं ना माणसाने. पण खोलीत सगळे गप्प होते, आणि गप्प बसलेल्या लोकांसमोर भाऊसाहेबांना आपला हुद्दा अपुरा वाटायला लागला.

"प्रमुख," त्यांनी जोडलं.

"प्रमुख?" पाहुणे ताठ झाले. "म्हणजे हाताखाली माणसं आहेत?"

"एक जागा आहे," भाऊसाहेब गंभीरपणे म्हणाले. "सध्या रिकामी. अनुभव बघून घेणार."

"बँकेतला चालेल?"

मुलाच्या आईने नवऱ्याकडे वळून पाहिलं. "अहो, काय बोलताय? तुमचं ते सल्ल्याचं काम?"

"ते काय," पाहुणे कोट काढत म्हणाले, "ते संध्याकाळी घरी आल्यावरही करता येतं."